जयगड ते लोटे: टाकीची वरात, पाच रात्री

तिठ्यावरचा

शिमग्याच्या आधी व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरत होता. चाफ्याच्या अलीकडे अर्ध्याहून जास्त रस्ता अडवून उभी असलेली पांढरी टाकी, मागे गाड्यांची रांग, आणि खाली ओळ: 'आता रस्त्यावर टाकी पण पार्क करणार का?' ती टाकी आमची. म्हणजे माल कारखान्याचा, गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, पण ती कुठून कशी न्यायची हे मोजायचं काम माझ्याकडे. शिव्या खाऊन झाल्यात, तेव्हा आता जरा सविस्तर लिहितो.

तीन टाक्या आणि एक सायलो (सुटा माल साठवायचा उंच कोठार). बार्जने जयगडला उतरले, जायचे होते लोटे परशुराम एमआयडीसीत. वाट अशी: जयगड, वाटद खंडाळा, चाफे, जाकादेवी, निवळी, तिथून हायवेने संगमेश्वर, चिपळूण आणि परशुराम घाट चढून लोटे. सगळे मिळून साधारण सव्वाशे किलोमीटर. एरवी आपण चहापाणी धरून साडेतीन तासांत जातो. पहिल्या टाकीला पाच रात्री लागल्या.

टाकी ४.२ मीटर व्यासाची आणि १५ मीटर लांब, १२ मिलिमीटर जाड पत्र्याची. वजन ऐकून लोक हिरमुसतात, जेमतेम २५ टन. चिऱ्याचे दोन ट्रक जास्त भरतील. पण नियमाने मालगाडीची रुंदी २.६ मीटर आणि उंची ४ मीटर. आमची टाकी नुसतीच ४.२, त्यात खाली गाडी. म्हणून ती ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, मापाबाहेरचा माल), आणि म्हणून परवाने, पायलट गाडी, पोलीस, लाइनमन, लाल बावटे.

उंचीचं गणित सांगतो, कारण सगळं रडगाणं तिथलं. हायड्रॉलिक ॲक्सलचा टेलर (म्हणजे ट्रेलर) चालताना जमिनीपासून १.१ मीटर. त्यावर सॅडल (टाकी बसवायची खोबण) आणि लाकडी स्लीपर १५ सेंटिमीटर. मग टाकी. झाले ५.४५. टेलर पूर्ण 'बसवला' तर ९५ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे ५.३०. टाकीच्या डोक्यावर मॅनहोलचं नरडं होतं पाऊण हात उंच. ते तसंच ठेवलं असतं तर सगळंच बोंबललं असतं, म्हणून लोड करतानाच टाकी कुशीवर फिरवून घेतली. कारखान्याचा साहेब म्हणत होता, 'ड्रॉइंगमध्ये मॅनहोल वर आहे.' म्हटलं, साहेब, लोट्याला पोचली की वर करा.

सव्वाशे किलोमीटर म्हणजे काय हो, त्यातले एकशेपंधरा किलोमीटर कोणीही नेईल. अडतं ते सहा-सात ठिकाणी, आणि त्या सहा-सात ठिकाणांसाठी मी डिसेंबरमध्ये बारा दिवस हातात मोजकाठी घेऊन फिरलो. फोटोतली जागा त्या सहा-सातांतली नव्हतीच. तिथे टेलरचा तेलाचा होज पाइप फुटला.

पुणेरी_पाहुणा

उत्तम धागा. एक प्राथमिक शंका. २५ टनांसाठी साधा लोबेड (सखल पाटाचा ट्रेलर) का नाही? आणि टाकी तुकड्यांत आणून तिथेच का जोडत नाहीत?

तिठ्यावरचा

सायलो तुकड्यांतच आणला! पन्हाळी पत्रे, नटबोल्ट, दोन साध्या ट्रेलरवर गेला, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तेलाच्या त्या अवाढव्य चपट्या बुडाच्या टाक्याही जागेवरच पत्रा जोडून उभ्या करतात. पण ही दाबाची टाकी. वेल्डिंग झाल्यावर अख्खी भट्टीत घालून तापवतात, मग सावकाश गार करतात, वेल्डजवळचा ताण निघावा म्हणून. नंतर पाणी भरून दाबाची चाचणी. एवढी भट्टी लोट्याच्या प्लॉटवर कुठून आणायची?

लोबेडचं म्हणाल तर सरळ रस्त्यावर चालला असता. पण त्याचं मागचं चाक वळत नाही. वळणावर पुढचं तोंड बाहेरून जातं आणि शेपूट आतून कापत येतं. हायड्रॉलिकचे सहाचे सहा ॲक्सल वळतात. शेपटीशी एक माणूस चालत असतो, हातात कंट्रोलचा डबा, तो मागची चाकं वेगळी वळवतो. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, हा माणूस म्हणजे त्याचे डोळे. आमचा शेपटीवाला सव्वाशेतले निदान चाळीस किलोमीटर पायी चालला असेल.

मालवणी_मसालो

तुमी टाकी मोजलास, आमी थंय उभे रवान फुडच्यो गाड्यो मोजलंव. एकशेबारा. 😀

सड्यावरची

मी जाकादेवीजवळ राहते. हसण्यावारी नेऊ नका, माझी तक्रार आहे आणि ती गाड्यांच्या रांगेची नाही.

पहिली टाकी गेली त्या दिवशी 'अकरा ते एक लाइट बंद' असं सांगून गेले. लाइट आली संध्याकाळी सहाला. बोअरिंगचा पंप बंद, टाकीत पाणी नाही (आमच्या, तुमच्या नव्हे), आणि लेकीचा दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर. तिने दुपारभर पडवीत बसून अभ्यास केला. लाइनमनला फोन केला तर तो म्हणाला, मी टाकीबरोबर पुढे गेलोय. वायर तुमच्या टाकीने तोडली आणि सात तास अंधारात आम्ही. बारा दिवस काठी घेऊन फिरलात म्हणता, मग ही वायर दिसली नाही का हो दादा?

तिठ्यावरचा

ताई, ही चूक माझी आहे, कशी झाली ते सांगतो.

रस्ता ओलांडणारी साधी लाइन नियमाने ५.८ मीटरवर हवी, हायटेन्शन ६.१ वर. प्रत्यक्षात खांब कलतो, वायर झोळ घेते, रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात. माझ्या वहीत त्या पट्ट्यात ओलांडणाऱ्या चौदा वायरी होत्या, पाच साडेपाचाच्या आत, सगळ्यांत खालची ५.१. त्या पाचांसाठी शटडाउन मागितला होता आणि त्या बरोबर वेळेत उचलल्या, फायबरच्या दुबेळक्या काठीने, दोन माणसं दोन बाजूंना.

तुटली ती सहावी. कोणाच्या तरी घरी लग्न होतं, त्यासाठी जानेवारीत पलीकडच्या खांबावरून तात्पुरती सर्व्हिस वायर घेतलेली. डिसेंबरच्या वहीत ती असणार कुठून? काळी वायर, मागे काळं आंब्याचं झाड, पायलटलाही दिसली नाही. टाकीच्या वरच्या कडेत अडकली आणि खांबावरची क्लॅम्प घेऊन आली. लाइनमनने मेन लाइन तिथेच चालू करायला हवी होती, पण क्लॅम्प लोंबत असताना त्याने ती चालू केली नाही, आणि ते त्याचं बरोबर होतं. जोडायला माणूस दुसरीकडून यायचा होता.

दुसऱ्या टाकीपासून आदल्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर पुन्हा फिरायचं ठरवलं. मोजकाठीला टाकीएवढ्या उंचीवर लाल फडकं बांधून पिलियनवाल्याने ती उभी धरायची. फायबरची काठी बरं का, ओला बांबू वायरीजवळ नेऊ नये. त्या फेरीत आणखी दोन नव्या वायरी सापडल्या, दोन्ही इंटरनेटच्या केबली. त्या सगळ्यांत वाईट. लाइट बोर्डाला निदान फोन तरी करता येतो, या केबली नक्की कोणाच्या हे कोणीच सांगत नाही.

सड्यावरची

बरं. पेपर चांगला गेला, हे सांगायचं राहिलं.

निवृत्त_मोरीवाला

बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली बरीच याच पट्ट्यात, म्हणून थोडं लिहितो. ओडीसी म्हटलं की गावातले लोक आधी विचारतात, 'आमची मोरी (रस्त्याखालचा छोटा पूल) टिकेल ना?' काळजी रास्त आहे, पण ती चुकीच्या गाडीबद्दल.

धागाकर्त्यांचा टेलर सहा ॲक्सलचा, एका ॲक्सलला आठ टायर, म्हणजे अठ्ठेचाळीस. टेलरचं स्वतःचं वजन बावीसेक टन धरा, वर पंचवीसची टाकी. सत्तेचाळीस भागिले सहा, एका ॲक्सलवर आठ टनसुद्धा नाहीत. उलट २०१८ साली केंद्राने बोजाची मर्यादा वाढवली तेव्हापासून साध्या ट्रकच्या जोड-ॲक्सलला २१ टन चालतात, म्हणजे एकेकाला साडेदहा. तुमच्या मोरीवरून रोज जाणारा जांभ्याचा नाही तर खडीचा डंपर या टाकीपेक्षा जास्त दाबतो, आणि वेगाने दाबतो. शिवाय कागदावर साडेदहा, प्रत्यक्षात किती ते रात्री बारानंतर रस्त्यावर उभं राहून बघा.

खरोखरच्या जड मालाची गोष्ट वेगळी, ट्रान्सफॉर्मर वगैरे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांच्या संहितेत त्यासाठी वेगळं 'विशेष वाहन' धरलेलं आहे, एकूण ३८५ टनांचं. आणि त्याला अटी: पुलावर दुसरं वाहन नको, गाडी पुलाच्या मधोमध, वेग ताशी ५ किलोमीटर. मधोमध का, तर कडेने गेली की सगळा भार एका बाजूच्या गर्डरवर येतो. सावकाश का, तर आदळआपट नको. मी आणखी एक सांगायचो, पुलावर ब्रेक नको आणि गिअर बदलायला नको. अलीकडेच ठरवा कुठल्या गिअरमध्ये जायचं ते.

कोणीतरी आता सावित्रीचा पूल काढेल म्हणून आधीच सांगतो. महाडचा तो इंग्रजी अमदानीतला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, अवजड गाडीमुळे नाही. पुलाचे पाय पाण्याखाली असतात आणि आपण सगळे वरून बघतो.

रूळावरचा

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कोकण रेल्वेची रो-रो आहे की. ट्रकसकट उचलतात. १९९९ पासून कोलाडहून चालू आहे.

तिठ्यावरचा

टाकी आडवी ४.२ मीटर आहे भाऊ. बोगद्यात कशी घालू?

रूळावरचा

मान्य, घाईत लिहिलं. रेल्वेवर डब्याची मोठ्यात मोठी रुंदी ३.२५ मीटर, मध्यावर उंची साधारण ४.२६. आणि मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. पण रेल्वे तुम्हाला तशीही सोडत नाही. २०२२ साली कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. जिथे जिथे विजेची रेल्वे आणि फाटक असेल तिथे रस्त्यावर लोखंडी कमान असते, उंची ४.६७ मीटर. त्याच्या वर माल असेल तर रेल्वेची परवानगी आणि तेवढ्या वेळापुरती तारेतली वीज बंद. तुमच्या वाटेत फाटक नव्हतं हे तुमचं नशीब.

तिठ्यावरचा

नशीब नाही, म्हणून तर ती वाट. 😀

गोवळकोटकर

मला कळत नाही की माल समुद्रातून आला, तर जयगडला का उतरवला? दाभोळ खाडीतून वाशिष्ठीने वर आणायचा. आमच्या गोवळकोटला गलबतं लागायची, चिपळूणचं बंदरच होतं ते. तिथून लोटे हाकेच्या अंतरावर. आजोबा सांगायचे, मंगलोरी कौलं, मीठ, सगळं पाण्यानेच यायचं.

तिठ्यावरचा

काका, हे आम्हीही कागदावर काढून पाहिलं होतं आणि वाचताना सगळ्यांचे डोळे चकाकले होते. खाडीत गाळ आहे हे पहिलं. बार्ज भरतीवर वर येईल, पण ओहोटीला चिखलात बसली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. समजा आली, तर उतरवायची कशी? टाकी उचलायला मोठी क्रेन धक्क्यावर उभी राहायला हवी, आणि क्रेनचा पाय जिथे टेकतो तिथे टाकीच्या वजनाहून बराच जास्त भार येतो. गलबतातून पोती उतरवायच्या धक्क्याने तो घेतला नसता. जयगडला धक्का आहे, खोल पाणी आहे, क्रेन आहे. रस्त्याचे शंभर किलोमीटर वाचवायला अख्खी टाकी धोक्यात घालायची नाही असं ठरलं.

गोवळकोटकर

पटलं. तरी वाईट वाटलं.

पुणेरी_पाहुणा

होज पाइपचं राहिलं. आणि पाच रात्री कुठे कुठे गेल्या?

तिठ्यावरचा

हो, तेच लिहायला बसलो होतो.

टेलरचे सगळे ॲक्सल तेलाच्या जॅकवर उभे असतात आणि ते जॅक तीन गटांत जोडलेले असतात. तिपाईसारखं. तिपाई कधी डुगडुगत नाही, तसं खड्ड्यात एक चाक खाली गेलं की त्याच गटातलं तेल तिकडे सरकतं आणि वरचा पाट सपाट राहतो. रस्ता वळणावर आत कललेला असला तर एका गटात तेल भरून पाट सरळ करायचा, नाहीतर गोल टाकी सॅडलवर असली तरी साखळ्यांवर ताण येतो. एखाद्या जॅकचा पाइप फुटला तर तेवढ्याचा व्हॉल्व्ह बंद करून पुढे जाता येतं. आमचा फुटला तो गटाचा मुख्य पाइप. 'फस्स' असा आवाज, काळ्या डांबरावर तेल, आणि डावा मागचा कोपरा हळूहळू खाली. शेपटीवाल्याने ओरडून गाडी थांबवली, क्लीनरने धावत लाकडी ठोकळे खाली सारले. पाट वीतभर कललेला. टाकी हलली नाही, पण त्या पाच मिनिटांत माझ्या तोंडाला कोरड पडली ती आजही आठवते. तसला पाइप रत्नागिरीत मिळाला नाही, पनवेलहून आणवला. तोच तुमचा फोटो, दीड दिवस.

पहिली रात्र वाटदच्या सड्यावर, उन्हं कलल्यावर समुद्रावरून वारा उठला म्हणून. रिकामी टाकी म्हणजे शीड. दुसरी आणि तिसरी चाफ्याला. चौथ्या दिवशी जाकादेवीच्या वायरी करून संध्याकाळी निवळीच्या अलीकडे, आणि पाचव्या रात्री एकदम हायवे, पोलिसांच्या गाडीबरोबर, बारा ते पहाटे.

गडग्याचं सांगतोच. निवळीच्या अलीकडे एक वळण आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आत आंब्याची कलमं. डिसेंबरमध्ये तिथे टेलरएवढी दोरी ताणून, फक्की टाकून वळण आखलं होतं. आतल्या बाजूला बारा फूट गडगा आडवा येत होता. बागवाल्या काकांना विचारायला गेलो, मनात भरपाईचा आकडा धरून. ते म्हणाले, 'पैसे नकोत. पण लावणार कोण? तुमचा माणूस सिमेंट थापून जाईल. आमच्याच गवंड्याने लावायचा, बिनसिमेंटचा, जसा होता तसा.' चिरे काढताना गवंड्याने खडूने प्रत्येकावर नंबर टाकले आणि रस्त्याकडेला ओळीने मांडले. तिन्ही टाक्या गेल्यावरच परत लावला. मध्ये महिनाभर तिथून गुरं शिरू नयेत म्हणून आम्ही बांबूची ताटी बांधून दिली. वर आंब्याची एक फांदी येत होती, ती मात्र तोडू दिली नाही. मोहोर होता. दोरी बांधून दोघांनी बाजूला ओढून धरली, टाकी खालून गेली, आणि टाकीवर मोहोराचा सडा. लोट्याला पोचेपर्यंत चिकटलेला होता.

परशुराम घाट तुलनेने सोपा गेला. काम चालू असताना २०२२ साली तो रोज काही तास बंद ठेवायचे, आता काँक्रीट झालंय. पण चढ तो चढच. पुलर (टेलर ओढणारी गाडी), टेलर, टाकी मिळून पासष्ट टन. वीसात एक चढ धरला तर नुसती मागे ओढणारी ताकद सव्वातीन टन. पुढे एक पुलर आणि मागून दुसरा ढकलायला. दोन्ही ड्रायव्हर वॉकीटॉकीवर, 'दुसरा... दुसराच ठेव... सोडू नको.' मागच्याने जास्त जोर केला तर पुढचा पाट मुरडतो, कमी केला तर पुढच्याची चाकं जागेवर फिरतात. पुलरच्या पाठीवर लोखंडी वजनं ठेवलेली असतात ती त्याचसाठी, चाकाला पकड मिळावी म्हणून.

मालवणी_मसालो

आणि तिसऱ्या टाकयेक शिमगो गावलो ता लिव ना रे!

तिठ्यावरचा

गावला तर! कोणत्या गावाजवळ ते लिहीत नाही. दुपारी टाकी चाललेली आणि समोरून ढोल-ताशे, पालखी. आमचा ड्रायव्हर उत्तरेकडचा, त्याला वाटलं मोर्चा आला. रस्ता एकच, पालखी बाजूला होणार नाही हे उघड, आणि टाकी बाजूला होऊ शकत नाही हेही उघड. मानकऱ्यांशी बोललो. ते म्हणाले, थांबा इथेच, इंजिन बंद करा. पालखी टाकीसमोर दहा मिनिटं नाचली. मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं, त्यात आमची टाकी पण घेतली, 'जी काय ही टाकी की बिकी रस्त्यान चालली हा, तिका सुखरूप पोचव रे म्हाराजा...' आणि सगळे, 'होय म्हाराजा!' ड्रायव्हरने नारळ दिला, वर स्वतःहून शंभराची नोट. पुढे परशुराम घाट चढून लोट्याच्या गेटवर शिरताना तो मला म्हणाला, 'साब, वो होय म्हाराजा फिर से बोलो.'

पुणेरी_पाहुणा

धागा वाचनखूण साठवली आहे. गणपतीच्या आत पुढची खेप आहे का?

तिठ्यावरचा

पावसात नाव नको. मोरीकडेची माती भुसभुशीत होते, टेलरचं बाहेरचं चाक तिथेच असतं. गणपतीत तर दरवर्षी १६ टनांवरच्या गाड्यांना मुंबई-गोवा हायवेवर बंदी निघतेच. आमचा हंगाम दिवाळीनंतर ते मृगाच्या आधी. मे महिन्यात अजून एक टाकी आहे, ४.५ व्यासाची.

निवृत्त_मोरीवाला

४.५ म्हणजे बसवूनही ५.६ होणार. चिपळुणात बहादूरशेख नाक्याला बघून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये गर्डर कोसळल्यापासून तिथल्या कामात काय कधी खाली-वर असेल नेम नाही. आदल्या दिवशी नाही, त्याच दिवशी मोजा.

तिठ्यावरचा

नोंद केली साहेब. सर्व्हिस रोडही बघतो.

सड्यावरची

लग्नघरची वायर काढली. लाइनमनने खांबही सरळ केला. पण इंटरनेटची केबल होती तिथेच आहे. काल मी आंबे काढायच्या झेल्याच्या काठीने मोजली, रस्त्याच्या मधोमध पाच मीटरला चार बोटं कमी.

तिठ्यावरचा

ताई, काठी सुकी होती ना?

सड्यावरची

सुकी होती. आणि केबल कोणाची ते पण काढलंय शोधून, नंबर व्यनि (खासगी निरोप) करते. यावेळी बोअरिंग चालवून आधी पाणी भरून घेईन, तुम्ही फक्त तारीख आदल्या दिवशी नको, आठ दिवस आधी सांगा.